रकाना सात

चौथीच्या बाईंचा एक नियम होता. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने तो घडाघडा सांगितला असता. रकाना मोकळा सोडायचा नाही. उत्तर येत नसेल तर काय येत नाही ते लिहा, अर्धा गुण मिळेल. कोऱ्या जागेला शून्य, आणि वर बाईंचं एक बघणं. हे बघणं शून्यापेक्षा महाग पडायचं.

या अर्ध्या गुणाच्या जोरावर कितीतरी मुलं तरून गेली होती. 'पृथ्वी स्वतःभोवती का फिरते?' यापुढे एकाने 'तिलाच विचारायला हवं' असं लिहून अर्धा गुण कमावला होता. तो पुढे वकील झाला.

आणि त्या वर्षी कायदा आला. कायदे जसे येतात तसाच आला, म्हणजे आधी वर्तमानपत्रात, मग शिक्षकांच्या खोलीत आणि सगळ्यात शेवटी समजुतीत. वर्गात ठेवलेलं प्रत्येक पुस्तक मंजूर झालेलं असलं पाहिजे. नामंजूर पुस्तक वर्गात ठेवणं, मुलांना देणं किंवा वाचून दाखवणं हा गुन्हा. विशेषतः 'बालमनास विनाकारण दुःखी करील' असं काही सापडलं, तर पुस्तकाचा लगदा आणि शिक्षकाचं शिकवण्याचं प्रमाणपत्र रद्द. दुःखाला पुरेसं कारण कोणतं, याची यादी नंतर प्रसिद्ध होणार होती.

हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून हे वाचून दाखवलं. हेडमास्तर माणूस चांगला, फक्त त्यांचं प्रत्येक वाक्य 'तूर्तास' या शब्दाने सुरू व्हायचं. मुलं त्यांना मागे 'तूर्तास सर' म्हणत आणि ते त्यांना ठाऊकही होतं, पण तूर्तास त्यांनी त्यावर काही केलं नव्हतं. "तूर्तास," ते म्हणाले, "घाबरायचं कारण नाही." हे ऐकून सगळे घाबरले.

दुसऱ्याच दिवसापासून शाळा बदलायला लागली. तिसरीच्या बाईंनी पुस्तकांची फळी रिकामी करून तिथे तीन कुंड्या ठेवल्या. सातवीच्या मास्तरांनी कपाटावर जाड पडदा लावला. पूर्वी त्या कपाटाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, आता अख्खा वर्ग दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसायला लागला. पहिलीला नव्यानेच आलेल्या एका पोरसवदा शिक्षिकेने तर भिंतीवरचं पाढ्यांचं कोष्टकही उतरवलं. बे एके बे मंजूर झाल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं.

चौथीच्या वर्गात खिडकीखाली बिनदाराची एक लांब फळी होती, आणि तिच्यावर एकशे त्रेचाळीस पुस्तकं. काही बाईंनी रद्दीवाल्याकडून निवडून आणलेली, काही पालकांनी दिलेली, बरीचशी शिंप्याच्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली. प्रत्येकाच्या शेवटच्या पानाला जुन्या पाकिटाचा खिसा चिकटवलेला आणि त्यात एक कार्ड. पुस्तक नेणाऱ्याने कार्डावर सही करायची. नऊ वर्षांच्या माणसाला सही करायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. काही मुलं निव्वळ सहीसाठी पुस्तक नेत, आणि मग नेलंच आहे तर वाचत.

शेवटचा तास वाचनाचा असायचा. चाळीस मिनिटं. बाई वाचत, मुलं ऐकत. घंटा झाली की अर्ध्या वाक्यात पुस्तक मिटायचं, कारण शाळेची घंटा वेळेवर वाजवण्याचा शिपाईकाकांना अभिमान होता. एकतीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

मंजुरीसाठी तक्ते आले. एका पुस्तकाला एक तक्ता, एका तक्त्याला सात रकाने. नाव, पानं, चित्रं वगैरे सहा रकाने गरीब होते. सातवा म्हणत होता: 'आक्षेप घेण्याजोगे काही आढळल्यास पान क्रमांकासह नमूद करावे.'

गावातल्या यच्चयावत शिक्षकांनी इथे 'निरंक' लिहिलं. काहीही नाही, याला कचेरीत निरंक म्हणतात. मोठा सोयीचा शब्द. तो लिहिला की जागा भरते आणि मजकूर काहीच होत नाही.

बाईंनी निरंक लिहिलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या माणसाला कोणी विचारलं की 'यात काही चूक आहे का?', तर त्याच्या हातून 'नाही' असं लिहून होत नाही. दोन रविवार बाई जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरून बसल्या. त्यांचे यजमान वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. ते एकेक पुस्तक उचलून नाव वाचायचे, पानं मोजून सांगायचे आणि अधूनमधून हातात तोलून त्याचं वजनही सांगायचे, जे कोणी विचारलेलं नव्हतं.

हत्तीच्या पुस्तकाला बाईंनी लिहिलं: पान ९ वर शेपूट डावीकडे, पान १० वर उजवीकडे. स्वयंपाकी अस्वलाला: पान १४ वर अस्वल हात न धुता पीठ मळतं. राजाच्या पुस्तकाला: राजा दिवसभर काय काम करतो, ते संबंध पुस्तकात कुठेही नाही. चंद्रावरच्या सहलीला: पान ३ वर सहलीला निघालेली मुलं सतरा, पान २० वरच्या चित्रात सोळा, याची कोणालाही काळजी नाही. गांडुळाच्या पुस्तकात मात्र त्यांना खूप शोधूनही काही सापडलं नाही. तिथे त्यांनी नाइलाजाने 'उत्तम' असं लिहिलं.

सगळ्यात शेवटी उरलं ते 'होडीवालीचं घर'. पातळसं पुस्तक, कडा मऊ पडलेल्या. होडी चालवणाऱ्या एका बाईची मुलगी. आई नदीत गेली ती परत आलेली नाही. पान एकतिसावर संध्याकाळी मुलगी सवयीने दोन ताटल्या मांडते, थोडा वेळ बघत राहते आणि मग एक उचलून परत फडताळात ठेवते. एवढंच. बाईंनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं आणि सातव्या रकान्यात लिहिलं: 'पान ३१. इथे मी दरवर्षी रडते. वर्गासमोर. हे बरं नाही.'

"लिहू का हो असं?" त्यांनी यजमानांना विचारलं.

यजमान टेकून बसले होते. "खरं आहे ना?"

"आहे."

"मग झालं," असं म्हणून ते झोपी गेले. पुढे कोणी या प्रकरणात त्यांचा सल्ला विचारला, तर हा प्रसंग ते वगळत असत.

खोकी भरून गेली. जाताना वर्गातली एक मुलगी फळीपाशी हाताची घडी घालून उभी होती. वर्ग तिला जजबाई म्हणायचा. चष्मा, घट्ट दोन वेण्या, आणि वर्गातलं कुठलंही भांडण असलं तरी निकाल तिचा. रबर कोणाचं, ढकललं कोणी, आधी कोण आलं, हे सगळं तिच्यासमोर चालायचं आणि तिच्यावर अपील नव्हतं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील कुलुपं दुरुस्त करायचे, किल्ल्या घडवायचे. संध्याकाळी ते फाटकाशी आले की आधी खिशातला खुळखुळाट ऐकू यायचा. 'होडीवालीचं घर'च्या कार्डावर तिची सही सात वेळा होती.

"कधी येणार?" तिने विचारलं.

"पुढच्या सोमवारी," बाई म्हणाल्या.

जजबाईने ते मनात नोंदवलं असावं. ती हाताची घडी सोडून गेली.

सोमवारी सगळ्यांची पुस्तकं आली. तिसरीच्या बाईंची आली, तेव्हा त्यांच्या कुंड्यांना कळ्या धरल्या होत्या, त्यामुळे पुस्तकं कपाटावर राहिली. सातवीची आली. पाढेसुद्धा मंजूर होऊन आले. चौथीचं एकच पुस्तक आलं, गांडुळाचं. त्यावर गोल शिक्का होता: मंजूर.

मागून हेडमास्तरांच्या टेबलावर पत्र आलं. त्यांनी बाईंना बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि मगच वाचलं. संबंधित शिक्षिकेने स्वतःच एकशे त्रेचाळीसपैकी एकशे बेचाळीस पुस्तकांवर आक्षेप घेतल्याचं आढळून आलं आहे. प्रत्येक आक्षेपाचा समाधानकारक खुलासा पंधरा दिवसांत न आल्यास पुस्तकांचा लगदा करण्यात येईल. 'होडीवालीचं घर' याबाबत बालमनाच्या कलमाखाली शिक्षिकेवर कारवाई का करू नये, याचाही खुलासा व्हावा.

"बाई," हेडमास्तर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यात तूर्तास आलं नाही, "सातव्या रकान्यात कोणी लिहितं का हो?"

बाईंना यावर उत्तर सुचलं नाही, आणि काय सुचत नाही तेही सांगता आलं नाही.

वर्गात त्या गेल्या तेव्हा जजबाई फळीपाशीच होती. लांबलचक रिकाम्या फळीवर मधोमध एकटं गांडूळ. मंजूर. पुढचा आठवडाभर चौथीत दुसरं वाचायला काही नव्हतं. अडतीस मुलांना गांडुळाबद्दल इतकं कळलं, की शाळेच्या बागेत माळीबुवांना खुरपं चालवायची चोरी झाली. मुलं ओरडायची, काका जपून, त्याला पाच हृदयं असतात.

खुलासा लिहायला बाई रोज बसत आणि रोज उठत. अडचण अशी होती, की त्यांनी लिहिलेलं सगळं खरं होतं. शेपूट खरंच दोन बाजूंना होतं. मुलं खरंच सोळा होती. मग खुलासा काय करायचा? असेच सात दिवस गेले, आणि आठव्या दिवशी वाचनाच्या तासाला गांडुळाचा कंटाळा येऊन बाईंनी आपल्या तक्त्यांच्या प्रती काढल्या आणि पहिला आक्षेप नुसता मोठ्याने वाचला. हत्ती, पान नऊ आणि दहा.

"बाई, नऊवर तो जातो आहे," मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि दहावर परत येतो आहे. बाजू बदलणारच ना."

बाई थांबल्या. त्यांनी दुसरा वाचला. अस्वलाला मुळात हात नाहीत, पंजे आहेत, आणि ते पान अकरावर मासे पकडताना नदीत चांगले धुऊन निघाले आहेत, असं तिघांनी एकदम सांगितलं. राजा काहीच काम करत नाही, तेच तर पुस्तकात सांगितलं आहे, असं कोणीतरी जरा कीव करून सांगितलं. सतरा आणि सोळावर वर्गात दोन तट पडले. शेवटी जजबाईने निकाल दिला. सतरावी मुलगी फोटो काढते आहे. पान वीसच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला आहे.

बाई वीस वर्षं ते पुस्तक वाचून दाखवत होत्या. त्यांनी तो अंगठा कधी पाहिला नव्हता.

त्यांनी वहीचे कागद वाटले. एका आक्षेपाला एक कागद, ज्याला उत्तर येतं त्याने लिहायचं, खाली सही. सही म्हटल्यावर झुंबड उडाली. सहा दिवस शेवटच्या तासाला वर्गात दुसरं काही चाललं नाही. एकही पुस्तक समोर नव्हतं, आणि पान नंबर एकाचाही चुकला नसावा, कारण चुकला की पाच जण तुटून पडत.

सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, झालं सगळं, आणि गठ्ठा बांधायला घेतला.

जजबाई उभी राहिली. "बाई, तुम्ही एकशे बेचाळीस म्हणाला होतात. एकशे एक्केचाळीस झाले."

बाईंनी शेवटचा तक्ता दप्तरात ठेवला होता. तो काढावा लागला. त्यांनी वाचला: पान ३१, इथे मी दरवर्षी रडते, वर्गासमोर, हे बरं नाही. सगळे आपापल्या बाकाकडे बघायला लागले. बाईंच्या रडण्याबद्दल बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता, पण इतक्या वर्षांत तो आपोआप पडला होता. जजबाई पुढे आली, तिने कागद घेतला, जागेवर जाऊन हात आडवा धरून लिहिलं आणि घडी घालून आणून दिला.

बाईंनी ती घडी घरी जाऊन उघडली. लिहिलं होतं:

'बाईंनी पान ३१ लिहिलं ते बरोबर आहे. तिथे रडू येतं. पण पुढचं लिहिलंच नाही. पान ३२ वर ताटली परत निघते. उत्तर अपुरं. अर्धा गुण.'

खाली सही होती. या पुस्तकासाठी आठवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी गठ्ठा चाळला. पहिली दहा उत्तरं वाचून ते हसले, पुढच्या दहांना गंभीर झाले आणि मग त्यांनी उठून दार लावलं. तूर्तास बाईंच्या लक्षात एक गोष्ट आलेली दिसत नाही, ते हळू आवाजात म्हणाले. नामंजूर पुस्तकं मुलांना दिली नव्हती, असं आता म्हणायची सोयच उरत नाही. "हा खुलासा नाही बाई. हा अडतीस साक्षीदारांच्या सह्यांचा कबुलीजबाब आहे."

त्यांनी मार्गही सांगितला. एकच ओळ लिहायची: आक्षेप नजरचुकीने नोंदवले गेले. एकशे एक्केचाळीस पुस्तकं सुटतील, आपली नोकरी सुटेल. म्हणजे वाचेल. होडीचं जाऊ द्या. एक पुस्तक गेलं तर गेलं, पातळच आहे. हेडमास्तर हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. चांगल्या माणसांना असं काही सांगायचं असलं की खिडकी लागते.

संध्याकाळी बाईंनी यजमानांसमोर दोन्ही ठेवलं, एका ओळीचा कागद आणि तो गठ्ठा. म्हणाल्या, नजरचूक कसली हो, मी चांगला चष्मा लावून लिहिलं होतं. आणि मी 'नजरचुकीने' लिहिलं, तर उद्या कुठल्या तोंडाने पोरांना सांगू, की जे खरं वाटतं ते लिहा?

यजमानांनी जजबाईचा कागद पुन्हा एकदा वाचला. त्यांच्या मिशा हलल्या. "सव्वीस वर्षं लोकांना अर्धा गुण देत आलीस," ते म्हणाले. "आज तुला मिळाला."

"हसता काय? प्रमाणपत्र गेलं तर?"

"तर घरी बसशील. मला पुस्तकं वाचून दाखवशील. मी आजवर त्यांची नुसती वजनंच केली." त्यांनी गठ्ठा हातात घेतला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तोलला. "साडेचारशे ग्रॅम."

"काय?"

"कबुलीजबाब."

मग त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. दहा ग्रॅम जास्त भरला. ते रात्री जेवणापर्यंत घुश्शात होते, आणि तेवढ्या वेळात बाईंनी एका ओळीचा कागद फाडून टाकला.

खुलासा कचेरीत स्वतः हजर राहून द्यायचा होता, त्या सुनावणीला हेडमास्तर बरोबर आले. यायची सक्ती नव्हती. वाटेत ते तीनदा म्हणाले, की तूर्तास मी फक्त सोबत आलो आहे.

तपासणी साहेबांची खोली म्हणजे खोकीच होती सगळी. खोक्यांच्या मधून जायला एक वाट, वाटेच्या टोकाला टेबल, टेबलामागे सर्दी झालेले साहेब. ते मूळचे पाटबंधारे खात्यातले. पुस्तकांशी त्यांचा संबंध बदलीने आला होता. त्यांनी सुरुवातीलाच बजावून टाकलं, की आपण पुस्तकं वाचत नाही, रकाने वाचतो. पुस्तक वाचलं की मत होतं, आणि मत झालेल्या माणसाला या खुर्चीवर ठेवत नाहीत.

त्यांनी गठ्ठा सोडला आणि क्रमाने वाचायला घेतलं. हत्ती. अस्वल. राजापाशी त्यांनी एकदा वर पाहिलं. अंगठ्यापाशी ते थबकले, पान नंबर टिपून घेतला आणि पुढे गेले. पाऊण तास झाला. हेडमास्तरांनी दोनदा रुमालाची घडी घातली.

"ही उत्तरं लिहिताना पुस्तकं मुलांसमोर होती?" साहेबांनी विचारलं.

"नव्हती. ती तुमच्याकडे आहेत."

"म्हणजे त्यांनी आधी वाचलेली आहेत."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"हो," बाई म्हणाल्या. "सगळी. काही काही दोनदा. एक सात वेळा."

साहेबांनी कायद्याची प्रत ओढली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. वाचली कधी? कायद्याआधी? मग तो गुन्हा होत नाही. आता काय केलं? पुस्तक वर्गात ठेवणं, कलम चार. ठेवलेलं नाही. देणं, कलम पाच. दिलेलं नाही. वाचून दाखवणं, सहा. तेही नाही. त्यांनी मागची सूची काढली, बराच वेळ शोधलं, नाक पुसलं.

"आठवण्याबद्दल तरतूद दिसत नाही," ते म्हणाले.

"तूर्तास," हेडमास्तर म्हणाले. आयुष्यभराची सवय, तोंडातून निघून गेलं. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण तेही कलमात बसत नव्हतं.

शेवटी राहिली ती घडी. साहेबांनी ती वाचली, उलटून मागे काही आहे का पाहिलं आणि पुन्हा वाचली. हे अर्धा गुण काय प्रकरण आहे? बाईंनी सांगितलं. कोऱ्या जागेचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, सात सह्यांचं सांगितलं, आणि मुलीच्या आईचं एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे, साहेब. मी एकतीसवर रडायचे, तोवर घंटा व्हायची. आमची घंटा फार वेळेवर असते. बत्तीस दुसऱ्या दिवसावर जायचं. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही, की मुलं एकतीस घेऊन घरी जातात. ती सात वेळा पुस्तक घरी नेत होती, ती बत्तीससाठी."

साहेबांनी कागदाची पुन्हा घडी घातली. खुलाशाची पडताळणी करणं भाग आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि खोक्यांच्या वाटेने आत गेले. परत आले तेव्हा हातात ते पातळ पुस्तक होतं. ते बसले आणि त्यांनी पान एकतीस उघडलं.

सर्दी त्यांना महिनाभर होतीच. तिचा उपयोग असा त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

मग त्यांनी पान उलटलं. बत्तीस वाचलं. पुस्तक मिटलं, शिक्का उचलला, परत ठेवला आणि लिहायला कागद घेतला. लिहून झाल्यावर फक्त एवढंच म्हणाले, की तो अंगठा मी नंतर बघणार आहे.

पुस्तकं गुरुवारी आली. बरोबर हुकूम आला, आणि तो हेडमास्तरांनी दर्शनी फलकावर लावला: 'एकशे बेचाळीस आक्षेप निकाली. मात्र "होडीवालीचं घर" या पुस्तकातील पान ३१ वर्गात वाचल्यास पान ३२ त्याच तासात, मध्ये खंड न पाडता वाचणे बंधनकारक राहील. कसूर झाल्यास संबंधित सर्वांवर कारवाई करण्यात येईल.'

शिपाईकाकांनी तो दोनदा वाचला आणि 'संबंधित सर्वांवर' या शब्दांवर बोट ठेवून उभे राहिले.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी ते पुस्तक घेतलं. लवकर सुरू करायचं त्यांनी ठरवलं होतं, पण आधी फळी लावण्यात वेळ गेला, मग कोणीतरी अंगठा दाखवायला चंद्राचं पुस्तक आणलं. एकतीसवर पोचायला चारच मिनिटं उरली. दोन ताटल्या. बघत राहणं. एक परत फडताळात. बाईंचा आवाज दरवर्षी बसायचा तिथेच बसला. मुलं थांबली. ती दरवर्षीच्या मुलांसारखीच थांबली, हात बाकावर ठेवून, कोणी कोणाकडे न बघता.

चार मिनिटं संपली. बाहेर शिपाईकाका घंटेशी हातोडी उगारून उभे होते. एक डोळा घड्याळावर, एक चौथीच्या खिडकीवर. काटा पुढे गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा घंटा झाली नाही. इतर वर्गांत दप्तरं भरून बसलेली पोरं चुळबुळ करायला लागली. फाटकाशी पालक घड्याळं बघायला लागले. हेडमास्तर बाहेर आले, खिडकीतून त्यांनी आत पाहिलं आणि काकांना हातानेच खूण केली: तूर्तास थांबा.

आत जजबाई उभी राहिली होती.

"बाई, बत्तीस," ती म्हणाली. "नाहीतर कारवाई होईल."

बाई हसल्या, डोळे पुसले, पण आवाज काही आला नाही. त्यांनी पुस्तक पुढे केलं. जजबाईने ते घेतलं, चष्मा वर सारला आणि पुस्तकाकडे फारसं न बघताच वाचलं. शेजारची म्हातारी दारात येते. चुलीकडे बघते, एकट्या ताटलीकडे बघते आणि म्हणते, अगं, मी पण जेवले नाहीये अजून. मुलगी उठते. फडताळ उघडते. दुसरी ताटली परत काढते, फुंकर मारून पुसते आणि मांडते.

फाटकाशी किल्ल्यांचा खुळखुळाट झाला. जजबाईने कार्ड काढून त्यावर सही केली आणि पुस्तक दप्तरात टाकलं. मग घंटा झाली.

शाळा सहा मिनिटं उशिरा सुटली. शाळेच्या दैनिक नोंदवहीत अशा प्रसंगासाठी एक रकाना असतो, 'विलंबाचे कारण'. एकतीस वर्षं तिथे निरंक होतं. हेडमास्तरांनी पेन काढलं, सवयीने 'नि' लिहिला, तो खोडला आणि लिहिलं: पान बत्तीस.